खते जळाली, कर्ज उरले: सुप्याचा उठाव ते लोणीची पतपेढी (दीर्घ धागा)

१.
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील तत्कालीन भीमथडी तालुक्यातले सुपे गाव. बाजाराचा दिवस. भोवतालच्या खेड्यांतून आलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. धान्य आणि कापड लुटले गेले, आगीही लागल्या. परंतु जमावाचा खरा रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. हाती लागलेली खते भर रस्त्यात जाळण्यात आली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ‘दख्खनचे दंगे’ या नावाने आपण जे वाचतो, त्याचा आरंभ हा असा झाला.

२.
पाठ्यपुस्तक येथे थांबते आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते. मात्र एक साधा प्रश्न मागे उरतो. खते जळाल्यावर ती माणसे कर्जातून सुटली का? सुटली नाहीत. मग पुढे कोणी सुटले का, आणि सुटले ते कशामुळे? या धाग्यात आपण सुप्यापासून निघून नगर जिल्ह्यातील लोणीपर्यंत आणि तेथून मुंबईच्या गिरणगावापर्यंत सुमारे शंभर वर्षांचा प्रवास करणार आहोत. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

३.
प्रथम कर्ज कसे साचले ते पाहू. सावकार हा काही इंग्रजांनी आणलेला प्राणी नव्हे. पेशवाईतही तो होता आणि त्याच्याशिवाय गावगाडा चालत नव्हता. परंतु तेव्हा तो गावाच्या मर्यादेत होता. वसुलीसाठी त्याला गावचा पाटील, पंचायत आणि लोकलाज यांची मर्जी सांभाळावी लागे. रयतवारी पद्धतीत सारा रोख रकमेत आणि ठरल्या मुदतीत भरणे आले. पीक हाती नसले तरी हप्ता चुकत नसे. हप्त्यासाठी सावकार गाठावा लागे. पैसे थकले, तर सावकाराच्या पाठीशी आता दिवाणी न्यायालय उभे होते. पंचायतीपुढे त्याला जे कधी मिळाले नसते, ते न्यायालयात एका हुकूमनाम्याने मिळू लागले.

४.
त्यात कापसाची भर पडली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. १८६२ पर्यंत ब्रिटनच्या कापूस-आयातीतील सुमारे ७५ टक्के वाटा हिंदुस्थानचा झाला. दख्खनमध्ये पैसा वाहू लागला. कापूस पेरणाऱ्याला सावकार मागेल तितकी आगाऊ रक्कम देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परतला आणि भाव कोसळले. सावकारांनी हात आखडता घेतला. नेमक्या याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी झाली आणि अनेक ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. उत्पन्न घटले, देणे वाढले आणि नवे कर्ज मिळेनासे झाले.

५.
या काळातील एक कायदा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचे आयुष्य ३ वर्षे ठरवले. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात उलटे घडले. दर तीन वर्षांनी सावकार कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज हेच नव्या खताचे मुद्दल होई. चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावलेले आढळले. खत वाचता न येणारा माणूस अंगठा उठवून मोकळा होई. कशावर अंगठा उठवला, हे त्याला पुष्कळदा न्यायालयातच कळे.

६.
सुप्याच्या आधी काही महिने शिरूर तालुक्यातील करडे गावात एक घटना घडली. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडले. गावाने याला बहिष्काराने उत्तर दिले. सावकारांच्या दुकानातून कोणी काही विकत घेईना, त्यांची शेते कोणी कसेना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या साऱ्यांनी त्यांची कामे बंद केली. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांतही पसरले. गाव एकत्र आले तर त्याच्यात किती बळ असते, याचा हा पुरावा होता. पण ते बळ अद्याप नकाराचे होते. सावकाराला वाळीत टाकता आले. पुढच्या पेरणीचे बियाणे कोठून आणायचे, हे त्यातून ठरले नाही.

७.
मे १८७५ मध्ये या नकाराचा उद्रेक झाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील ३० हून अधिक गावांत दंगे झाले. सैन्य बोलवावे लागले, ९५१ जणांना अटक झाली आणि त्यांतील अनेकांना शिक्षा झाल्या. एक गोष्ट सरकारी अहवालांतही नोंदलेली आहे: सावकाराने खते मुकाट्याने दिली, तेथे सहसा कोणाच्या अंगाला हात लागला नाही. कुणब्यांचे वैर प्रामुख्याने त्या कागदाशी होते. १८५७ ची आठवण ताजी असलेल्या सरकारने घाईने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. आज दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग याच अहवालातून येतो.

८.
त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या ४ जिल्ह्यांना तो लागू झाला. त्या काळाच्या मानाने तो धाडसी होता. न्यायाधीशाने केवळ खतावरील आकडा न पाहता खतामागचा सारा व्यवहार, म्हणजे मूळ मुद्दल किती, फेडले किती आणि व्याज किती चढवले, हे तपासावे असे त्याने सांगितले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. हप्ते बांधून देण्याची सोय झाली. खटल्याआधी समेट घडवणारे सलोखेदार नेमण्यात आले, आणि खत सरकारी निबंधकासमोर लिहिण्याची तरतूद झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील न्यायकामात अनेक वर्षे घालवली.

९.
कायद्याने खरोखरच काही जमिनी वाचल्या आणि अनेकांचे जुने कर्ज कमी झाले. परंतु लवकरच सावकारांनी नवी वाट शोधली. गहाणखताची चौकशी होते, तर विक्रीखतच लिहून घ्यावे! कागदावर जमीन विकलेली, आणि पैसे परत केल्यावर ती परत देऊ हे वचन केवळ तोंडी. अनेकांनी तर कर्ज देणेच थांबवले. कुणब्याची गरज मात्र थांबली नव्हती. बैल मेला तर बैल घ्यावाच लागतो, पाऊस पडला तर पेरावेच लागते. जुन्या कर्जाचे दार कायद्याने अर्धवट लोटले; रास्त कर्जाचे दुसरे दार त्याने उघडले नाही.

१०.
ही उणीव रानडे यांनी फार लवकर ओळखली. विल्यम वेडरबर्न हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी, पुढे काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष झाले. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी या दोघांच्या पुढाकाराने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडण्यात आली. कल्पना अशी: आधी शेतकऱ्यांचे जुने कर्ज तडजोडीने ठरवून एकरकमी फेडून टाकावे, आणि मग बँकेने रास्त व्याजाने नवे कर्ज द्यावे. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले; पण लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कचेरीत योजना अडली आणि तेथेच संपली. जुने कर्ज मिटवणे आणि नव्या कर्जाची सोय लावणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे सूत्र मात्र महाराष्ट्रात प्रथम या योजनेने स्पष्ट मांडले.

११.
याच प्रश्नाचे एक उत्तर तोवर जर्मनीत सापडले होते. आपल्या कथेशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून थोडे तिकडे वळू. फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन हा ऱ्हाईन प्रांतातील लहान गावांचा प्रशासक. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्याने वायरबुश गावी लोकांकडून निधी गोळा करून धान्य आणि भाकरीची सोय केली. पुढे त्याच्या ध्यानात आले, की श्रीमंतांच्या दानावर उभी राहिलेली संस्था दाता कंटाळला की कोसळते. म्हणून १८६४ साली हेडेसडोर्फ येथे त्याने अशी पतसंस्था काढली, जिथे कर्ज घेणारेच सभासद आणि तेच मालक होते. क्षेत्र एका गावापुरते, कारभार विनावेतन, आणि नफा वाटून न घेता राखीव निधीत.

१२.
मद्रास सरकारने या पद्धतीच्या अभ्यासासाठी फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याची नेमणूक केली होती. १८९० च्या दशकातील त्यांच्या विस्तृत अहवालाचा मथितार्थ असा, की हिंदुस्थानातही रायफायझनसारखी माणसे शोधून काढावी लागतील. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. गावातील कोणत्याही १० माणसांना संस्था काढता येऊ लागली. ग्रामीण संस्थांची जबाबदारी ‘अमर्याद’ होती. म्हणजे एका सभासदाने कर्ज बुडवले, तर ते फेडण्याचा भार बाकी साऱ्यांवर. ऐकायला हे क्रूर वाटते; पण त्यातील मर्म पाहा. शेजाऱ्याला कर्ज कशासाठी हवे, तो किती फेडू शकेल, हे आता सर्वांच्याच हिताचे झाले. सावकाराकडे जे ज्ञान होते, ते गावाकडे आले.

१३.
संस्था निघाल्या, त्यांतील पुष्कळ रुतल्या. कारण सहकार अनेक ठिकाणी वरून आला होता. निबंधक येत, दहा नावे गोळा होत, पाटील अध्यक्ष होई आणि वही सचिवाच्या घरी राही. थकबाकी दडवण्यासाठी एक युक्ती रूढ झाली: जुने कर्ज कागदावर फेडल्याचे दाखवायचे आणि तेवढेच नवे कर्ज लगोलग उचलायचे. गावाकडे याला आजही ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. हा शब्द वाचताना १८५९ नंतर दर तीन वर्षांनी लिहिले जाणारे ते नवे खत आठवावे. सावकार गेला, संस्था आली, पण अंगठा तोच आणि त्याखालील न वाचलेला कागदही तोच. कर्जाचा हिशेब कर्जदाराला स्वतः समजत नाही, तोवर धनको बदलून फार काही बदलत नाही.

१४.
म्हणूनच सहकाराच्या इतिहासात शिकवणारी माणसे महत्त्वाची ठरतात. १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन केली; आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. लल्लुभाईंचे पुत्र वैकुंठभाई मेहता ऐन विशीत तिच्या कामाला लागले आणि सुमारे ३५ वर्षे त्यांनी तिची धुरा वाहिली. बँक मुंबईची, पण पैसा खेड्यांतील संस्थांसाठी. हिशेब चोख ठेवणे, ठेवी वाढवणे आणि सभासदाला त्याचे हक्क व जबाबदारी समजावून सांगणे, हे वैकुंठभाईंच्या दृष्टीने कर्जवाटपाइतकेच मोलाचे काम होते. १९४६ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. पुढील कथेत त्यांची पुन्हा भेट होईल.

१५.
आता लोणी. नगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या खोऱ्यातील हे गाव. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागात बारमाही पाणी आणले. पाण्याबरोबर ऊस आला. उसाबरोबर मोठा खर्चही आला, आणि खर्चासाठी कर्ज. विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे शेतकरी. शालेय शिक्षण फारसे नव्हते. व्यवहार मात्र नीट कळत होता. १९२३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी उभी राहिली. सुप्याच्या उठावानंतर ४८ वर्षांनी, त्याच दख्खनच्या मातीत, शेतकरी स्वतःच्या कर्जाची वही स्वतः लिहू लागले.

१६.
पतपेढीने कर्ज स्वस्त झाले; पण कर्जाचे मूळ तेवढ्याने उपटले गेले नाही. उसाचा गूळ करून पेठेत न्यायचा, आणि भाव अडत्याने सांगेल तो. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. व्याज कमी असले तरी मुद्दल फेडण्याइतके उत्पन्न हाती येईना. नदीच्या याच खोऱ्यात बेलापूर कंपनीसारखे खासगी साखर कारखाने उभे होते. ते शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवत. जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारचे आणि साखरेचा नफा कंपनीचा, असा तो हिशेब होता. कर्जातून सुटायचे असेल, तर स्वस्त कर्जाबरोबर पिकाची किंमतही हाती आली पाहिजे, हा धडा येथे मिळाला.

१७.
या टप्प्यावर दुसरा मार्गदर्शक येतो: धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख. शेतकी पतपुरवठ्याविषयी सरकारने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४५ मध्ये आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. विखे पाटलांनी तो उचलला आणि गावोगाव हिंडून भाग गोळा करण्यास आरंभ केला.

१८.
हे काम किती अवघड होते, याची कल्पना करावी. पिढ्यान् पिढ्या कागदावर अंगठा उठवून फसलेल्या माणसाला सांगायचे, की आणखी एका कागदावर सही कर आणि वर पैसेही दे. मद्रास इलाख्यात १९३० च्या दशकात काही सहकारी साखर कारखाने निघाले होते. पण महाराष्ट्रात असे उदाहरण नव्हते. सभासदांच्या भागभांडवलात मुंबई सरकारने भर घातली. तेव्हा अर्थखाते वैकुंठभाईंकडे होते. नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. अध्यक्षपदी सुरुवातीची सुमारे दहा वर्षे गाडगीळ होते आणि उपाध्यक्षपदी विखे पाटील. प्राध्यापक आणि शेतकरी एका टेबलावर बसून ताळेबंद वाचत होते.

१९.
कर्जाच्या दृष्टीने या रचनेतील कळीचा भाग पुढीलप्रमाणे आहे. शेतकऱ्याला पीककर्ज गावची सोसायटी देते. ऊस कारखान्याला जातो. कारखाना उसाचे बिल काढताना सोसायटीचा हप्ता आधीच कापून तिकडे पाठवतो. उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती. वसुलीसाठी दारात कोणी उभे राहत नाही, आणि थकबाकी लपवण्यासाठी नवे-जुने करण्याची गरज कमी होते. बिलातून थोडी रक्कम ठेव म्हणूनही कापली जाते, आणि त्यातून कारखान्याचे भांडवल वाढते. दुकानात जमा-नावे कसे लिहितात हे ठाऊक असलेल्या कोणालाही समजेल इतकी ही साधी युक्ती आहे. तिच्यामागे मात्र एक अट आहे: कापणाऱ्यावर विश्वास हवा, आणि तो कापतो ते पाहण्याचा हक्क हवा.

२०.
येथे विजयाचा नगारा वाजवून थांबता आले असते. पण आकडे तसे करू देत नाहीत. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५४ मध्ये तिचा अहवाल दिला. गाडगीळ तिचे सदस्य होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता अवघा ३.१ टक्के. सावकारांचा वाटा होता सुमारे ७० टक्के. १९०४ च्या कायद्याला तेव्हा अर्धशतक झाले होते. सहकार आजवर फसला आहे आणि तरीही तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. ज्याने लोणीचा प्रयोग उभा केला, तोच अर्थशास्त्रज्ञ देशभरच्या अपयशावर सही करत होता. या प्रामाणिकपणाचे मोल मोठे आहे.

२१.
आणखी एक हिशेब मांडणे आवश्यक आहे. साखर कारखान्याचा सभासद होण्यासाठी ऊस लागतो, उसासाठी जमीन आणि पाणी. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याचे काय? बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दर हंगामात ऊसतोड मजूर कारखान्यांकडे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून ते ‘उचल’ घेतात आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडतात. हंगाम संपताना उचल उरली, तर ती पुढच्या वर्षावर चढते. १८५९ चे ते खत येथे पुन्हा भेटते. केवळ कागद नाही, एवढाच फरक. ज्या उसाने बागाईतदाराला कर्जातून वर काढले, तोच ऊस तोडणारा माणूस कर्जाने बांधलेला राहिला. ‘समाजाने हात दिला’ असे आपण लिहितो, तेव्हा त्या समाजात कोणाकोणाची गणना झाली, हे विचारलेच पाहिजे.

२२.
जमीन नसलेल्यांनाही हा मार्ग खुला होऊ शकतो का? याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईच्या गिरणगावात जाऊ. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार कुटुंबाविना राहत आणि खाणावळीत जेवत. या खाणावळी चालवणाऱ्या बायका स्वतःच्या खोलीत स्वयंपाक करत. जेवणाऱ्याचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे. धान्य, तेल आणि सरपण मात्र रोज लागायचे. मधल्या दिवसांसाठी वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. दागिने आणि भांडी गहाण पडत. या बायका रोज कितीतरी माणसांना जेवू घालत होत्या, तरी बँकेच्या लेखी त्या कोणीच नव्हत्या. कारण तारण ठेवण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते.

२३.
प्रेमा पुरव गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या कार्यकर्त्या. मुंबईत कामगार चळवळीत काम करत होत्या. १९७५ मध्ये, म्हणजे सुप्याच्या उठावानंतर नेमक्या शंभर वर्षांनी, त्यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते; आता गरिबांनाही कर्ज मिळावे अशी अपेक्षा होती. मंडळाने बायकांचे गट केले. एकीच्या कर्जाला बाकीच्या जणी हमी राहत. राष्ट्रीयीकृत बँकेकडून मिळालेल्या या लहान कर्जांतून सावकाराचे देणे फिटू लागले. अर्ज कसा भरायचा, हप्ता कसा लिहायचा, सही कशी करायची, हे सारे मंडळाच्या कार्यकर्त्या शिकवत. रायफायझनची अमर्याद जबाबदारी येथे कोणत्याही कायद्याच्या कलमाविना, चाळीच्या गॅलरीत अवतरली होती.

२४.
सुपे, लोणी, गिरणगाव. तिन्ही शेजारी ठेवून पाहिले तर काय दिसते? सुप्यात एकी होती. पण नव्या कर्जाची सोय नव्हती आणि हिशेब वाचणारा सोबती नव्हता. १८७९ च्या कायद्यात हिशेब वाचणारा न्यायाधीश होता. पण तो न्यायालयात बसलेला, आणि कुणबी त्याच्यापुढे एकटाच उभा. १९०४ नंतरच्या अनेक संस्थांत कर्ज होते, वहीही होती. पण ती वही सभासदाची नव्हती. लोणीत आणि गिरणगावात मात्र तिन्ही गोष्टी एकत्र आल्या: हमी देणारे शेजारी, रास्त व्याजाचा नवा स्रोत, आणि शेजारी बसून हिशेब शिकवणारा जाणता माणूस. यांतील एक जरी गळली, तर कर्ज केवळ आपला पत्ता बदलते.

२५.
जाणत्या माणसाविषयी एक शेवटची नोंद. रानडे, वैकुंठभाई, गाडगीळ, पुरव यांपैकी कोणीही कोणाचे कर्ज स्वतःच्या खिशातून फेडून मोठे झाले नाही. त्यांनी दिले ते ज्ञान, ओळख आणि वेळ. बँकेच्या दारात शेतकऱ्याबरोबर उभे राहणे, ताळेबंद सोप्या मराठीत समजावणे, सरकारात शब्द टाकणे. गाडगीळ पुढे अध्यक्षपदावरून बाजूला झाले आणि शेतकऱ्यांनी कारखाना चालवला. मार्गदर्शकाचे काम पूर्ण झाल्याची खूण हीच असते. पुढच्या काळात अनेक कारखान्यांत घराणी आली, राजकारण आले, काही कारखाने स्वतःच कर्जात बुडाले. त्याची कथा वेगळी आहे. पण वही सभासदांच्या नजरेआड गेली की काय होते, हे आपण तेराव्या भागात पाहिलेच आहे.

२६.
वाचकांपैकी अनेकांच्या गावात विविध कार्यकारी सोसायटी असेल. तिच्या पाटीवर स्थापनेचे वर्ष लिहिलेले असते. पुढच्या वेळी गावी गेलात तर ते अवश्य पाहा. वार्षिक सभेचा अहवाल मागून वाचा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, की सोसायटीच्या आधी कर्ज कोणाकडून मिळे आणि त्याचा कागद कोण लिही. उत्तरे लिहून ठेवा. महाराष्ट्राच्या कर्जाचा इतिहास आयोगांच्या अहवालांत जितका आहे, तितकाच तो अशा घरगुती आठवणींत आणि पिवळ्या पडलेल्या पासबुकांत आहे. आणि तो अजून पुरता लिहिला गेलेला नाही.